पाळण्यात आधी मैना

माझ्या थोरल्याच्या वेळी दिवस नीट जात नव्हते. तिसऱ्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी झोपून राहायला सांगितलं, तेव्हा मी मनातल्या मनात जानाई नदीला नवस बोलले होते. माये, हे मूल सुखरूप हाती दे. दारात दुधीचा वेल लावीन आणि त्याचं पहिलं फळ तोडणार नाही, वेलावरच वाळू देईन. असा नवस बोलायचा हे मला माहेरी कुणी शिकवलं नव्हतं. लग्न होऊन या वेलतारेंच्या घरात आले, आणि इथल्या बायका अडल्यानडल्या की हेच बोलतात, म्हणून मीही बोलले. सासूबाईंना सांगितलं, तर त्यांनी त्याच दिवशी वेल लावला.

मूल आलं. तोवर पहिला दुधी वाळून खडखडीत झाला होता. बारशाच्या दिवशी मी बाळाला कुंची घालून बसले, तर सासूबाईंनी तो वाळका भोपळा घेतला, त्याला हळदकुंकू लावलं, झबलं घातलं, आणि माझ्या बाळाच्या आधी त्यालाच पाळण्यात निजवलं. इतर घरांत वरवंटा असतो, तो बाळाबरोबर पाळण्याखालून वरून फिरवतात, हे मी पाहिलेलं होतं. पण इथं बाळाला थांबवून भोपळ्याला झोके देत होत्या. माझी आई माझ्या कानाशी लागून म्हणाली, "तुझ्या सासरची माणसं बरी आहेत ना गं?" त्या दिवशी सासूबाईंनी आम्हा दोघींना समोर बसवून जे सांगितलं, तेच मी आता जानाईतल्या बेटावर येणाऱ्यांना सांगत असते.

परवाच सुधन्वा आणि केतकी हे जोडपं आलं होतं. राहतात पुण्याला, पण आडनाव वेलतारे. शाळेत पोरं त्याला दोडका, कारलं अशा हाका मारायची म्हणून त्यानं लहानपणी या नावाचा रागच केला. मोठेपणी मात्र उत्सुकता लागली. जिथं जिथं हे आडनाव सापडलं, तिथं तिथं त्यानं फोनमधल्या नकाशावर ठिपका दिला. मला दाखवून म्हणाला, "काकू, हे बघा. जानाईचा काठ सोडून आमचं मूळ घर कुठंच नाही. आणि घरं तरी कशी? पिंपळडोहात कुंभार वेलतारे, वडजाईत पाटील वेलतारे, सोनारी कसब्यात पिंजारी वेलतारे, खाली संगमाकडं तेली. कुळदैवत एकाचं एक नाही. मग आपण सगळे एक कसे?"

मी म्हटलं, "बसा दोघं उंबराखाली. केतकी, तू टेकून बस."

हे आमचं बेट तसं लहानच. नदीच्या मधोमध काळ्या खडकाचा उंचवटा, त्यावर हा एक उंबर, आणि उंबराच्या बुंध्याशी हे चार दगडांचं देऊळ. आत मूर्ती नाही. वाळका भोपळा टांगलेला आहे, त्याला हिरव्या लुगड्याची चिंधी. एवढाच देव. आणि गंमत अशी, की वेलतारे सगळे जिथून आले असं म्हणतात, त्या बेटावर वेलताऱ्यांचं एकही घर नाही. पूर्वीही नव्हतं.

पूर्वी इथं भोई लोकांची वाडी होती, असं सांगतात. त्या काळी पूल नव्हता. पावसाळ्यात इकडचा माणूस तिकडं न्यायचा तो भोयांनीच. वाळलेले भोपळे एकमेकांना बांधून ते सांगड करायचे, आणि त्या सांगडीवर बसवून माणसं, गठुडी, करडंसुद्धा पैलतीरी पोचवायचे. म्हणून बेटावर घराघरावर दुधीचा वेल. वाळले की आढ्याला टांगून ठेवायचे. भोयाच्या घरची सुबत्ता आढ्याकडं बघून कळायची, म्हणे.

त्या वाडीत हौसा नावाची सून होती. तिच्या पोटी मूल नव्हतं. ती जानाईला नवस बोलली की मला मूल दे, तुझ्या नावानं वेगळा वेल लावीन आणि त्याचं एकही फळ कोवळं तोडणार नाही. वर्षाच्या आत तिला मुलगी झाली. तिचं नाव मैना. हौसानं वेल लावला, आणि शब्द पाळला.

मैना चालू-बोलू लागली, तेव्हाच नेमके पावसानं डोळे वटारले. एक साल गेलं, दुसरंही गेलं. जानाई इतकी आटली की लोक चपला हातात घेऊन पार होऊ लागले. सांगडीत बसायला कोण येणार? हाताला काम नाही, घरात दाणा नाही. मग बेटावरच्या लोकांनी जे कधी केलं नव्हतं ते केलं. वेलावरचे दुधी कोवळे असतानाच तोडून खाल्ले. आढ्याला टांगलेले जुने भोपळे होते, तेही कापून त्यांची पाण्याची भांडी केली आणि धान्याच्या बदल्यात बाजारात दिली. नदीच उरली नाही, मग सांगड कशाला, असा त्यांनी हिशेब केला. भुकेल्या माणसांना दोष तरी काय द्यायचा? पण नदीच्या पोटात राहणाऱ्यांनी नदी मेली असं धरून चालावं, ही चूक झाली खरी.

हौसाचं आढं तेवढं भरलेलं राहिलं. दोन सालांचे भोपळे एकाशेजारी एक लटकत होते. पाणवठ्यावर बायका तिला डिवचायच्या, "काय गं हौसे, वाळूत पोहायला निघालीस वाटतं?" घरात सासू गुणाई होती, तीही बोलायची. पोर रानातल्या तरोट्याची भाजी खाऊन झोपते, आणि हिचं देवाला दिलेलं वर झोके घेतंय. हौसा उलटून बोलायची नाही. मैना वेलाखाली उभी राहून कोवळ्या दुधीकडं बोट दाखवायची, तेव्हा तिला कडेवर घेऊन दुसरीकडं न्यायची. नवस पाळणं कशाला म्हणतात ते मला या इथं कळलं. बोलताना आपण एकटे असतो. पाळताना घरातलं पोर आपल्या तोंडाकडं बघत असतं.

तिसऱ्या सालीही आभाळ कोरडंच होतं. आणि एके दिवशी, ऐन दुपारी, डोक्यावर ऊन असताना जानाई आली. वर डोंगरात कुठं ढग फुटला होता, त्याची इथं कुणाला खबर नव्हती. आधी वरच्या अंगानं घरघर ऐकू आली, मग पाचोळा घेऊन गढूळ पाणी आलं, आणि बघता बघता बेटाच्या पायऱ्या गेल्या. पुरुष मंडळी दोर घेऊन पैलतीर गाठायला उतरली. पाण्याला त्या दिवशी दया नव्हती. दोरासकट गेली. बायका उरल्या, त्या छपरांच्या पाख्यांवर चढल्या. पोरं खालीच रडत होती, कारण त्यांचंही ओझं पेलेल एवढा पाख्यांत जोर नव्हता.

तेव्हा हौसानं आढ्याचे भोपळे काढले. इतके दिवस जी सासू त्या भोपळ्यांवरून बोलली, तीच गुणाई वर चढून एकेक भोपळा खाली देऊ लागली. बांधायला दोर उरला नव्हता. हौसानं आपलं लग्नातलं हिरवं लुगडं आणलं आणि त्याच्या पट्ट्या फाडल्या. एकेका लेकराच्या काखेत भोपळ्यांची जोडी द्यायची, छातीवर पट्टी आवळून भोयाची गाठ मारायची, कानात जानाईचं नाव सांगायचं आणि पाण्यात सोडून द्यायचं. जाताना पोरं आयांकडं बघायची आणि आया वरून हात हलवायच्या.

भोपळे संपत आले. गुणाई वरून म्हणाली, "सूनबाई, आता मैनेला बांध."

हौसा म्हणाली, "आत्याबाई, मैनेची आई इथं खाली आहे. या बाकीच्यांच्या आया वर बसून माझ्या हातांकडं बघतायत."

आणि तिनं शेजारणीचं पोर पुढं ओढलं. होता होता सगळी लेकरं गेली. मैनेच्या वाट्याला एकच भोपळा उरला, आणि तोही सगळ्यांत लहान. हौसानं तोच तिच्या छातीशी बांधला. म्हणे, त्या गाठीला तिला सगळ्यांत जास्त वेळ लागला.

पाणी ओसरलं तेव्हा बेटावर घर राहिलं नव्हतं. मोठं माणूस म्हणाल, तर उंबराला मिठी मारून राहिलेली एकटी हौसा. तिनं कुणाकुणासाठी रडायचं? ती उठली आणि काठाकाठानं खाली चालू लागली.

आता हे नीट ऐका, कारण तुझ्या ठिपक्यांचं उत्तर इथंच आहे, असं मी सुधन्वाला म्हटलं. नदी वळण घेते तिथं आतल्या अंगाला तिचा जोर मोडतो. वाहून आलेलं सगळं ती तिथं मळईवर, गाळाच्या पट्ट्यावर टाकते. पहिलं वळण पिंपळडोहाचं, म्हणजे आमचं. तिथं कुंभारांच्या घरात हौसाला एक पोर दिसलं. पारू कुंभारणीच्या पदराला धरून भात खात होतं. हिरवी पट्टी दाराला वाळत घातलेली होती. हौसानं पोराचं नाव सांगितलं, त्याला काय आवडतं, कशाला भितं तेही सांगितलं. पारूनं पोराला पोटाशी धरलं. आता ही बाई पोर घेऊन जाणार. पण हौसानं पोराच्या डोक्यावरून हात फिरवला आणि उठली.

पारू मागं धावली. "बाई, उद्या कुणी विचारलं की हा कुठल्या घरचा, तर काय सांगू?"

"घर राहिलं नाही," हौसा म्हणाली. "वेलानं तारलं, एवढं सांग."

तेव्हापासून ते पोर वेलतारे झालं. कुंभाराच्या घरात वाढलं, चाकावर बसलं, कुंभाराचं दैवत त्याचं दैवत झालं, पण नाव ते राहिलं. पुढच्या वळणाला वडजाई. तिथं पाटलांच्या ओसरीवर दोन बहिणी एका पांघरुणात झोपल्या होत्या. त्यापुढं सोनारी कसबा. तिथं पिंजाऱ्याच्या घरी सदू नावाचं पोर कापसाच्या ढिगात लोळत होतं आणि घरातली म्हातारी त्याला सादिक म्हणत होती. ती म्हातारी ओशाळली. हौसा हसली म्हणे, पुरानंतर पहिल्यांदा, आणि म्हणाली, "हाकेला ओ देतो ना? मग झालं." असं प्रत्येक वळणावर कुणी ना कुणी सापडत गेलं. कुणी जात विचारली नव्हती. मळईवर पोर दिसलं, ज्यानं पाहिलं त्यानं उचललं.

प्रत्येक गावात हौसा दुसऱ्यांच्या लेकरांची चौकशी आधी करायची. मैनेचं शेवटी विचारायची. कुणीच हो म्हणालं नाही.

शेवटचं वळण संगमाचं. पुढं मोठी नदी, तिला काठ दिसत नाही. तिथल्या तेल्याच्या घरीही एक पोर होतं. तेलीण आत गेली आणि एक लहानसा भोपळा घेऊन आली. मळईवर सापडला होता. त्याला हिरवी पट्टी होती आणि तिची गाठ तशीच घट्ट होती. हौसानं गाठ ओळखली. ती भोपळा मांडीवर घेऊन बसली. कुणी म्हणालं, एकट्या भोपळ्यातून लेकरू सुटलं असेल. कुणी म्हणालं, मोठ्या नदीत होड्या असतात, कुणी उचललंही असेल. हौसा एवढंच बोलली, "पोचली असेल. मला सांगायला कुणी आलं नाही, इतकंच."

मग तिनं ज्याला लेकीचं अखेरचं अंग लागलं होतं तो भोपळा दगडावर ठेवून फोडला. आतल्या बिया ओच्यात घेतल्या आणि आली त्या वाटेनं परत निघाली. ज्या ज्या घरी तिनं बांधलेलं लेकरू होतं, त्या त्या दारात बी लावलं. आणि प्रत्येक घरच्या बाईकडं एकच मागणं मागितलं. उद्या ही लेकरं मोठी होतील, त्यांना पोरं होतील. बारशाला या वेलाचं पहिलं वाळकं फळ माझी मैना समजा, आणि पाळण्यात आधी तिला घाला. त्या दिवशी ती शेवटी राहिली होती.

पुढं हौसा बेटावरच उंबराखाली राहिली. गेली तेव्हा तिला खांदा द्यायला काठाकाठावरून कुंभार, पाटील, पिंजारी, तेली सगळे आले, आणि ते कुणी कुणाचे नातलग नव्हते, असं म्हणायची त्या दिवशी कुणाची छाती झाली नाही.

हे सांगून झालं तेव्हा सुधन्वानं पुन्हा फोन काढला. नकाशा बोटांनी लहान करून पाहिला. मग केतकीपुढं धरून म्हणाला, "अगं, हे तर वेलासारखं दिसतंय." खरंच तसं दिसत होतं. वळणं घेत गेलेली नदी, आणि प्रत्येक वळणाशी लोंबणारं एकेक गाव. केतकीनं देवळातल्या चिंधीला हात लावला आणि तोच हात पोटावर ठेवला. तिला सहावा लागलाय.

आजही जानाईच्या काठच्या सगळ्या वेलताऱ्यांच्या दारात दुधीचा वेल असतो आणि त्याचं पहिलं फळ कुणी तोडत नाही. आजही सोनारी कसब्यातल्या घरात पाळणा बांधला की पिंपळडोहातून कुणीतरी वाळका भोपळा घेऊन जातं, आणि आमच्याकडं बारसं असलं की तिकडची म्हातारी माणसं येऊन आधी भोपळ्याला झोका देतात. मैना कुठल्या काठाला लागली ते कुणाला ठाऊक नाही. पण इतके पाळणे तिच्यासाठी हलले आहेत, की त्यातल्या एखाद्याचा झोका तिला लागला असेल, असं मला मनापासून वाटतं.

निघताना मी केतकीच्या ओटीत नारळाबरोबर चार बिया घातल्या. तिला जे सांगितलं तेच तुम्हालाही सांगते. आडनाव कुठलंही असो. कुंडीत लावा, कुंपणाला लावा, पण एक वेल लावा. कितीही मोह झाला तरी त्याचं पहिलं फळ राहू द्या. आणि घरात बारसं निघालं, की आपलं बाळ क्षणभर मांडीवरच थांबवा, आणि पाळण्यात आधी मैनेला निजवा.