तळ्याची भेग

माणसाचं पाऊल जिथं पडलं नव्हतं, अशा हिमालयातल्या एका पठारावर गोड्या पाण्याचं तळं होतं. बर्फ वितळून पाणी त्यात यायचं, बाहेर जाणारा ओढा मात्र नव्हता.

एकदा सशाला काठाजवळ भेग दिसली. पाणी तिच्यात गटागटा शिरत होतं.

"आपलं पाणी चोरीला जातंय!" याकांचा म्होरक्या गरजला. "चिखल तुडवा, बुजवा ती!"

साऱ्या कळपाने चिखल तुडवून भेग बुजवली. तळं काठोकाठ भरलं.

वर्षं गेली. ऊन पाणी शोषून न्यायचं, क्षार मात्र तळ्यातच साचत राहायचे. पाणी इतकं खारट झालं की वासरं तोंड लावून मागं सरू लागली. शेवटी म्होरक्या कळप घेऊन खिंडीपलीकडच्या दरीत उतरला. तिथला झरा कोरडा पडला होता.

"डोंगराच्या पोटातून यायचं हो पाणी," झऱ्यापाशी उभी असलेली मेंढी म्हणाली. "काही वर्षांपूर्वी अचानक आटलं. आता आम्ही तुमच्याकडेच निघालोय."

म्होरक्या तसाच माघारी फिरला, खिंड चढला आणि गळ्याइतक्या खाऱ्या पाण्यात शिरून शिंगांनी भेग उकरू लागला. एक शिंग मोडलं. चिखल फुटला, पाणी आत धावलं.

"अहो, पाणी चाललं!" ससा ओरडला.

"जाऊ दे," म्होरक्या म्हणाला आणि त्यानं दुसरं शिंग लावलं. "तिकडं वाट बघतायत."