शिट्टीच्या आधी

कबड्डीच्या जिल्हा निवड चाचणीत खानविलकर साहेबांचा शब्द शेवटचा, आणि साहेबांचा विश्वास फक्त गळ्यातल्या स्टॉपवॉचवर. तीस मीटर पळायचं, आकडा चुकला की घरी.

प्रणाली भुवड उजव्या कोपऱ्यात खेळायची. तिच्या हाती पाय लागलेली चढाईवाली क्वचितच परत जायची. पण पळण्यात ती दोनदा थोडक्यात हुकली होती. दोन्ही वर्षी टेबलावर घडी घालून ठेवलेली जिल्ह्याची निळी जर्सी तिने डोळे भरून पाहिली आणि एसटी धरली.

वयोगटातलं हे तिचं शेवटचं वर्ष. टेबलावर एकच जर्सी उरली होती.

साहेबांनी शिट्टी तोंडात धरली. ती वाजली तेव्हा प्रणाली दोन पावलं पुढे होती.

"बाद," साहेब म्हणाले. "पाय मंद आणि वर ही घाई. शिट्टीआधी निघालीस कशी?"

"शिट्टी फुंकण्याआधी तुमचे गाल फुगतात, साहेब. ते दिसले की मी निघते."

"नियम काय आहे? शिट्टीची वाट बघायची."

"दोन वर्षं बघितली. पण चढाईवाली माझ्या अंगावर शिट्टी वाजवून येत नाही. तिचे गाल बघणारी कोणीतरी कोपऱ्यात लागेल ना?"

रांगेतल्या मुली हसल्या. साहेबांचा हात नकळत स्वतःच्या गालावर गेला.

मग निर्णय सांगायला त्यांनी तोंड उघडलं, पण तोवर प्रणालीने जर्सी उचलून छातीशी धरली होती. साहेबांची नजर टेबलाकडे वळलेली तिने आधीच पाहिली होती.