लिंपलेल्या ढोलीतला नकार

एका राज्यात कुणीच कुणाला नाही म्हणत नसे. तुम्ही म्हणाल, काय गुणी माणसं! तिथेच तर फसगत होती. चोराने विचारावं आणि घरधन्याने दार उघडून द्यावं. हो म्हणताना प्रत्येकाच्या तोंडावर एकच हसू, साच्यातून काढल्यासारखं. राजा सुमुख तर सर्वांत हसरा. त्याच्या पणजोबाने एका मांत्रिकाकडून कधीही न आटणारा खजिना घेतला होता आणि बदल्यात साऱ्या प्रजेचा नकार देऊन टाकला होता. प्रजेबरोबर आपल्या वंशाचाही, आणि इथे नांदायला येणाऱ्या सुनांचाही.

खजिना डोंगरातल्या गुहेत होता. दर साली माघाच्या अवसेला, भर दुपारी, गुहेचं दार उघडे आणि आतला आवाज एका आईला विचारी, "देतेस?" आई म्हणे, "हो." मूल आत जाई, दार मिटे. आई हसतमुखाने घरी येऊन चूल पेटवी.

या राज्याच्या उत्तरेला डोंगरी मुलूख होता, दक्षिणेला सागरी. दोन्हीकडचे राजे प्रजेचा कौल घेतल्याशिवाय पाऊल टाकत नसत. डोंगरात होकाराची घरटी एक गाठ लांब दोरीला मारायची रीत होती, सागरतीरी तांब्याच्या घागरीत खडा टाकायची. सुमुखाच्या प्रजेलाही कौल मिळावा असं दोघांनाही वाटलं. विचार चांगलाच होता. पण कौल आपल्याच रीतीने घेतला जावा, असंही दोघांना वाटलं. कारण ज्याची रीत चालेल त्याचा शब्द चहूकडे चालणार होता. इथेच घोडं पेंड खात होतं.

डोंगरी राजाने भद्रकेतू नावाचा दूत पाठवला. सफेद मिशांचा हा गृहस्थ कुणाहून तसूभर खालच्या आसनावर बसत नसे. सागरी राजाने तारिणीला पाठवलं. तिची जीभ धारदार होती, आणि ही कामगिरी तिने मागून घेतली होती; कारण तिची धाकटी बहीण वेणू याच राज्यात दिली होती आणि कैक दिवसांत तिचा निरोप नव्हता.

दरबारात पहिला वाद आसनाचा. राजाने दोघांनाही हो म्हटलं आणि एकाच झोपाळ्यावर बसवलं. झोपाळा हलू नये म्हणून दोन्ही दूत पाय रोवून बसले.

"महाराज, दोरीची रीत मान्य?" भद्रकेतूने विचारलं.

"हो."

"आणि घागरीची?" तारिणीने विचारलं.

"हो."

मग आपापल्या रीतीला कौल मागत दोघे गावोगाव हिंडले. ज्या हातांनी गाठी मारल्या त्याच हातांनी खडेही टाकले. तारिणीच्या देशात एका खड्यापायी अख्खी दुपार भांडणात जाई. इथे कुणी ब्र काढला नाही. तिला ते मुळीच आवडलं नाही. घागरीला कान लावला तर आत खडे कुजबुजत होते, हो, हो, हो. भद्रकेतूच्या खांद्यावरची दोरी श्वास घेत होती. तो म्हणाला, वारा असेल.

ती वेणूच्या घरी गेली. वेणू आपल्या तान्ह्या लेकीला न्हाऊ घालत होती.

"हिला इतकी नटवतेस कशाला ग?"

"उद्या अवस, ताई. यंदा आमची पाळी."

सगळं ऐकून तारिणीने विचारलं, "आणि तू हो म्हणालीस?"

"हो," वेणू हसून म्हणाली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, हसू मात्र जागचं हललं नाही.

"मी हिला घेऊन जाऊ?"

"हो."

तारिणी लेकरू उचलून धावत सुटली. पण सीमेचा ओढा ओलांडताच लेकराचा श्वास थांबला. अलीकडे आणलं, तर ते रडू लागलं. त्या मातीत जन्मलेल्याला शाप बाहेर सोडत नव्हता. तारिणी लेकराला घेऊन ओढ्याकाठी बसली.

वरच्या उंबरावरून एक म्हातारा धनेश पक्षी बोलला, "बाई, इथल्यांचा नकार माझ्या घरधनिणीच्या चोचीत आहे. मांत्रिकाने तिला ढोलीत बसवून ढोली लिंपली. चार पिढ्या मी तिला फटीतून फळं भरवतो. गुहेसमोरच झाड आहे. चल."

लिंपणाच्या फटीतून चोच आधी दिसली, मग एक डोळा. आतून आवाज आला, "तीन होकार परत कर. खड्यांचा, दोरीचा, आणि ज्याने सौदा केला त्या मुकुटाचा. ज्याचा त्यानेच आपणहून टाकायचा. इथल्या माणसाकडे मागशील तर तो हो म्हणेल, आणि तो होकार वाया जाईल."

अवसेची दुपार झाली. झाडांच्या सावल्या पायांखाली गेल्या, माणसांच्या मात्र गुहेकडे लांबल्या. राजा आला, प्रजा आली, भद्रकेतू आला. तारिणीने भुकेलं लेकरू वेणूकडे दिलं आणि घागर आणली. ती भरलेली घेऊनच परत ये, अशी तिच्या राजाची ताकीद होती. तिने ती सर्वांसमक्ष पालथी केली. खडे जमिनीला लागताच गप्प झाले. ढोलीच्या लिंपणाला चीर गेली.

"म्हणजे आमची रीत जिंकली," भद्रकेतू म्हणाला.

"जिंकली असेल. आता दोरी सोडा."

"चेष्टा करता? प्रत्येक गाठीमागे एका घराचा होकार आहे."

"मग त्या होकाराची पारख करा. माझ्या बहिणीकडे तिचं मूल मागा."

भद्रकेतू वरमला, पण दूताला माघार कशी शोभणार? त्याने विचारलं, "बाई, तुझं मूल मला देतेस?"

"हो," वेणू म्हणाली आणि लेक त्याच्या हातांत ठेवली. तिचे रिकामे हात तसेच पुढे राहिले. तोंडावर तेच हसू.

म्हाताऱ्याची मिशी लटपटू लागली. त्याने घाईघाईने मूल परत दिलं. मग तो खाली, चक्क मातीत बसला आणि एकेक गाठ सोडू लागला. त्याची बोटं सोलवटली. शेवटची गाठ सुटताच दोरीचा श्वास थांबला. दुसरी चीर गेली.

राहिला मुकुट. तारिणीच्या ओठांशी शब्द आले होते, पण मागून चालणार नव्हतं. तिने पदर तोंडात कोंबला. इतक्यात गुहेचं दार उघडलं. आत मोहरांची रास होती, आणि प्रत्येक मोहरेवर इवल्या बोटांचे ठसे होते.

"देतेस?"

"हो," वेणू म्हणाली आणि चालू लागली.

तारिणी राजाकडे नुसती बघत राहिली. राजा हसत होता. वेणू त्याच्या समोरून गेली तेव्हा लेकराचा पाय दुपट्यातून बाहेर आला, आणि राजाची नजर त्या पायावर खिळली.

"माझीही एक होती," तो म्हणाला.

कुणी काही विचारलं नव्हतं. तो वेणूच्या आडवा गेला आणि मुकुट काढून गुहेच्या उंबऱ्यावर ठेवला. तोंडावर हसू होतं आणि गळ्यातून हुंदका फुटत होता.

लिंपण खळकन गळून पडलं. ढोलीतून मादी बाहेर आली, अंगावर एकही पीस नसलेली, आणि चोच उघडून म्हणाली, "नाही."

वेणूच्या तोंडावरचं हसू गेलं. तिने लेक छातीशी घट्ट धरली आणि गुहेकडे बघून ओरडली, "नाही! नाही देत!"

मग साऱ्या माणसांच्या गळ्यांतून तो शब्द उठला. मोहरांची राख झाली. राखेतून मुलं बाहेर आली, आत गेली तेव्हा होती तेवढ्याच वयाची. राजाची लेक बाहेर आली आणि पिकल्या दाढीच्या बापाला ओळखेना. कुणाच्या आया उरल्याच नव्हत्या. त्या मुलांना शेजारणींनी कडेवर घेतलं. मग कुठे लोक मोकळेपणी रडले.

दुसऱ्या दिवशी दोन्ही दूतांनी मिळून प्रजेला विचारलं, "दोरी की घागर?"

"नाही," लोक म्हणाले. "दोन्ही नकोत. आम्ही बसू, भांडू, मग ठरवू." आणि खरोखरच भांडायला बसले. मुकुट कुणाला द्यायचा, हाच पहिला प्रश्न होता आणि सुमुखही घोळक्यात बसून ऐकत होता. भद्रकेतूला कुणी आसनही दिलं नाही, आणि त्याला त्याचं काही वाटलं नाही.

तारिणी रिकामी घागर घेऊन निघाली. वाटेत वेणूच्या दारी थांबली.

"चल ग, माहेरी. चार दिवस का होईना. मी तुला न्यायलाच आले होते."

वेणूने लेकीला दुसऱ्या कडेवर घेतलं. 

"नाही, ताई," ती म्हणाली.

तारिणीला ते लागलं. सीमेच्या ओढ्यापर्यंत ती डोळे पुसत चालली, आणि पाण्यात उभी राहून खदखदून हसली.