दारावरच्या पालीची शेपटी

घाण्याला बैल जुंपून तेल काढत, त्या फार फार जुन्या काळची ही गोष्ट. एका गावात एक तेली राहत होता. घरात तेलाला तोटा नव्हता, म्हणून गावातला सगळ्यांत मोठा दिवा त्याच्याच घरी लागे. ओसरीच्या भिंतीत दिव्यासाठी एक दिवळी होती. दिवेलागण झाली की तेलीण तिथं दिवा ठेवी, आणि गावातले निम्मे किडे त्या उजेडाला येत.

किडे आले की पाली आल्याच. त्या ओसरीवर दोन पाली होत्या. एक दिवळीच्या कडेला राही, दुसरी दाराच्या चौकटीवर. पहिलीला आपण दिवळीतली म्हणू आणि दुसरीला दारावरची.

देवानं दोघींना सारखंच दिलं होतं. बोटं अशी, की गुळगुळीत भिंत चढावी आणि आढ्याला उलटं चालावं. शेपटी अशी, की सुगीत खाल्लेलं तिच्यात साठवावं आणि मांजरानं धरलंच तर तीच त्याच्यापुढं टाकून जीव वाचवावा. डोळ्यांना मात्र पापण्या दिल्या नाहीत. धूळ गेली तर जिभेनं चाटायचे. आता पापण्याच नाहीत म्हटल्यावर दुसऱ्याचं सुख दिसलं तर मिटणार काय? दारावरचीचं दुखणं हेच होतं.

तसं तिला काही कमी नव्हतं. डास मिळत, चिलटं मिळत, पोट भरे. अंगाला पट्ट्यापट्ट्यांची चांगली जाड शेपटी होती. पण नजर सदा दिवळीकडे. "तिच्या तोंडात पतंग आणि माझ्या तोंडात चिलट," असं म्हणत ती खाई, आणि ते चिलटही तिला कडू लागे.

एकदा तेली जेवता जेवता म्हणाला, "औंदा तीळ चांगला यायचा." तेवढ्यात दिवळीतली चुकचुकली.

"बघा, पाल चुकचुकली," तेलीण म्हणाली, "तुमचं बोलणं खरं होणार."

मग दारावरचीनंही चुकचुकून पाहिलं. तेली म्हणाला, "दार नीट लाव गं, चौकट कुरकुरतेय."

झालं! माणसांच्या मनात शंकेची पाल चुकचुकते म्हणतात. इथं पालीच्याच मनात हेवा चुकचुकू लागला, तो काही थांबेना.

उन्हाळ्यातल्या एका संध्याकाळी दिवळीतली पतंगावर डोळा लावून बसली होती. दारावरची मागून आली आणि तिनं दिवळीतलीची शेपटी कडकडून चावली. शेपटी तुटून जमिनीवर वळवळू लागली. दिवळीतली आढ्यावर पळाली. दारावरचीनं खाली उतरून ती तुटलेली शेपटीसुद्धा खाऊन टाकली, आणि वर जाऊन दिव्यापाशी ऐसपैस बसली.

आता तिला पतंग मिळू लागले. शेपटी आणखी जाड झाली. पोट भरलं, मन मात्र भरलं नाही.

शेपटी तुटून बांडी झालेली बिचारी दिवळीतली घाण्याच्या मागं जाऊन राहिली. मिळेल तो किडा खाई. कात टाकली की तीही गिळून टाकी, कारण नवी शेपटी उगवायची तर अंगात काहीतरी हवं ना! पावसाळा सरता सरता तिला नवी शेपटी आली. पहिलीसारखी पट्ट्यांची नव्हती, साधीच, पण गुळगुळीत आणि कोवळी. ती सावकाश पुन्हा ओसरीवर आली.

तेलणीनं तिला पाहिलं आणि नवऱ्याला हाक मारली. "अहो, इकडं या! आपल्या बांड्या पालीला नवी शेपटी फुटली. नशीब काढलं हो हिनं!"

दिवळीत बसलेल्या दारावरचीनं ते ऐकलं. तोंडातला पतंग तसाच राहिला. "मी तोडली आणि हिला नवी मिळाली! आणि मी मात्र जन्मभर ही जुनीच ओढत फिरायचं?"

दुसऱ्या दिवशी उन्हं कलली तशी ती घरामागच्या परड्यातल्या म्हाताऱ्या सरड्याकडे गेली. "सरडेदादा, मलाही नवी शेपटी हवी. जुनी टाकू का?"

सरडा म्हणाला, "बाई, माझी धाव कुंपणापर्यंत, अक्कलही तेवढीच म्हण. पण माझी शेपटी एकदा गेली तर परत यायची नाही, म्हणून तिची किंमत मला ठाऊक आहे. तुझी शेपटी म्हणजे तुझं कोठार आणि तुझा जामीन. ती जीवावर बेतलं तर टाकायची, हौस म्हणून नाही. त्यात थंडी तोंडावर आली."

"कळलं!" दारावरची फणकारली. "तुला उगवत नाही, म्हणून माझ्यावर जळतोस."

हेवा करणाऱ्याला सगळं जग हेवेखोर दिसतं, त्याला सरडा तरी काय करणार?

दारावरची तडक आपल्या जुन्या चौकटीवर गेली. दार कुठं मिटतं हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? तिनं शेपटी बिजागरीच्या फटीत घातली. तेलणीनं दार लोटलं आणि शेपटी तुटून दाराबाहेर पडली. दारावरची ती खायला जाईपर्यंत मुंग्यांनी ती ओढून नेली.

"नेऊ दे," ती म्हणाली, "आता नवी येईल."

नवी आली नाही, थंडी आली. दिवा रोज लागे, पण त्यावर किडा येईना. घाण्यामागून परतलेली पाल आता आढ्यावर राही आणि आपल्या शेपटीतलं साठवलेलं पुरवून पुरवून जगत होती. दारावरचीकडे पुरवायला काही नव्हतं. जिथं शेपटी फुटायची तिथं नुसतं बोंड राहिलं आणि पोट पाठीला लागलं. तरी दिव्याची जागा ती सोडेना, तेवढीच ऊब मिळे. त्याच उबेला गावातलं एक मांजरही ओसरीवर येऊन झोपू लागलं.

एका धुक्याच्या पहाटे मांजरानं डोळे उघडले आणि दिवळीवर झेप घेतली. दारावरची थंडीनं आखडली होती. पळायच्या आत तिच्या पाठीवर पंजा पडला.

आढ्यावरून दुसरी पाल जीव खाऊन ओरडली, "शेपटी टाक गं! बाई, लवकर शेपटी टाक!"

दारावरचीनं सवयीनं जोर लावला. टाकायला काही नव्हतं.

त्या संध्याकाळी तेलणीनं रोजच्यासारखा दिवा लावला. दिवळी मोकळी होती, तरी आढ्यावरची पाल बराच वेळ खाली उतरली नाही.

लहानथोरांनो, गोष्ट विसरलात तरी एवढं गाठीला बांधा: हेवा दुसऱ्याचं तोडून थांबत नाही, तो शेवटी आपलंही तोडायला लावतो.