शेंदरी पट्ट्यांचा शंख

एका किनाऱ्यावर शंख थोडे होते आणि खेकडे फार. तिथल्या खेकड्यांना स्वतःचं घर बांधता येत नसे. गोगलगायींनी मागे ठेवलेले शंख पाठीवर घ्यायचे आणि त्यालाच आपलं घर म्हणायचं, ही तिथली रीत. नवा शंख सापडला की सगळे आकाराप्रमाणे रांग लावत. सर्वांत मोठा खेकडा त्यात शिरे, त्याचा जुना शंख मागच्याला मिळे, मागच्याचा त्याच्या मागच्याला.

रांगेच्या शेपटाला ठिमकी होती. ती वाढली होती, शंख काही वाढला नव्हता. श्वास घेतला तरी कूस दुखायची. घर मिळालं नाही तर उद्याच्या उधाणाआधी तिला उघडं पडावं लागणार होतं, आणि उघड्या खेकड्याची बगळे फार आपुलकीने चौकशी करतात.

त्या सकाळी वाळूत शेंदरी पट्ट्यांचा देखणा शंख आढळला. लगेच रांग लागली. ठिमकी नुसती नाचायची बाकी होती. पण सर्वांत पुढे होते थोरनांगे, किनाऱ्याचे कारभारी. ते आत शिरलेच नाहीत. जुन्या शंखात बसूनच त्यांनी नव्यावर नांगी ठेवली आणि म्हणाले, "जिथं नांगी, तिथं मालकी."

पंचसभेने माना डोलावल्या आणि तो शंख 'किनाऱ्याच्या भावी गरजांसाठी' राखून ठेवला; गरज कोणाची, ते ठरावात घालायचं राहून गेलं. दुपारी तर प्रदर्शनच भरलं. थोरनांगे पट्ट्यांवरून नांगी फिरवत सांगू लागले, "हा वरचा पट्टा सुचायला मला फार दिवस लागले." खरं म्हणजे त्या गृहस्थांना वाळूत सरळ रेघ ओढता येत नव्हती, सगळा जन्म तिरकं चालण्यात गेलेला.

ठिमकीला आधी रडू आलं, मग राग आला. ती तरातरा पुढे गेली.

"कारभारी, घर तुमचंच ना? मग राहून दाखवा की!"

"राहून दाखवा!" रांग ओरडली.

कौतुकाला चटावलेल्या थोरनांग्यांना नाही म्हणवेना. ते ऐटीत जुन्या शंखातून बाहेर आले, नव्यात शेपूट घातलं आणि किंचाळले. आत कोणीतरी होतं. एवढे ठराव झाले, एवढी भाषणं झाली, पण कुणी आत डोकावलंच नव्हतं.

शंख हळूच हलला. झोपमोड झालेली गोगलगाय शिंगं बाहेर काढून चालू लागली. इकडे कारभाऱ्यांचं जुनं घर रिकामं दिसताच दुसरा त्यात शिरला, तिसरा दुसऱ्याच्या, आणि बघता बघता ठिमकीच्या पुढ्यात एक तपकिरी शंख आला. थोरनांग्यांनी पळत जाऊन करवंटी गाठली आणि संध्याकाळच्या आत तीच नवी फॅशन असल्याचं जाहीर केलं.

ठिमकीने नव्या घरात अंग पसरलं. काय ते सुख! शेजारून जाताना गोगलगाय थांबली. तिच्या शंखाच्या काठावर एक ओला, कोवळा पट्टा नुकताच उमटत होता.

"हा माझ्या मावशीचा," ठिमकीचा शंख न्याहाळत ती म्हणाली. "डावीकडच्या वळणावर जरा अडकायला होतं. तेवढं सांभाळ. बाकी खुशाल राहा गं."

"कशा होत्या मावशी?"

"हौशी," ती म्हणाली आणि पाण्यात उतरली.

मोठी लाट येत होती. ठिमकीने आत शिरण्याआधी नांगी उचलली आणि आपल्याच घरावर हलकेच टकटक केली.