लिहिणाऱ्यांचा कट्टा

खारवण्याच्या बंदरावर उतरलात की चढणीच्या तोंडाशी हा जांभ्या दगडाचा लांब कट्टा लागतो. बांधताना समोर खाडी ठेवावी, वारा तोंडावर घ्यावा, असं कोणालाही वाटेल. पण हा कट्टा खाडीकडे पाठ करून आहे. वर जी पडकी भिंत दिसते तो देसायांचा दरवाजा, आणि कट्ट्याचं तोंड त्याच्याकडे. याला लिहिणाऱ्यांचा कट्टा म्हणतात. आमच्याकडे हिशेब ठेवणाऱ्याला लिहिणारा म्हणायची पद्धत आहे. मीही भाताच्या गिरणीत जन्मभर तेच केलं. तुम्ही बसा, मी उभ्यानेच सांगतो. ही गोष्ट सांगताना मला बसवत नाही.

फार पूर्वी वर त्या दरवाज्यालगत गावाचं कोठार होतं म्हणतात. कापणी झाली की प्रत्येक घराने आपापलं भात त्यात ओतायचं आणि पावसाळ्यात घरातलं संपलं की जरूर लागेल तसं परत न्यायचं. किल्ली देसायाकडे आणि लिहिणं अंतोबा रेग्यांकडे. अंतोबा कामाला चोख, पण माणूसघाणा. तेव्हा सगळे लिहिणारे तसेच असत म्हणे. मिठागराचा एक, जकातनाक्याचा एक, देवळाचा एक, तेलाच्या पेढीचा एक. कोणी कोणाच्या ओसरीवर चढत नसे, आपली रीत दुसऱ्याला दाखवत नसे. रामाजी नवलकरांशी तर अंतोबांचं बोलणंच तुटलेलं. कोठाराचं काम आधी रामाजींचं होतं. त्यांच्या हातून एकदा चूक झाली, ती अंतोबांनी जाऊन देसायाच्या कानावर घातली आणि काम आपल्याकडे घेतलं.

त्या वर्षी आषाढ कोरडा गेला. वारा नुसता धूळ उडवत होता. लोक रोज कोठारापर्यंत येत, दाराकडे बघत आणि परत जात. देसायाने अंतोबांना बोलावून घेतलं.

"कोठार रिकामं आहे," तो म्हणाला. "भात लोकांना वाटून टाकलं असं लिहा."

"कोणाला वाटलं, सरकार?"

"सगळ्यांना. थोडं थोडं."

भात कुठे गेलं ते अंतोबांना विचारावं लागलं नाही. खाडीच्या मुखाशी देसायाची दोन गलबतं भरून उभी होती. ज्यांच्या पोटात दाणा गेला नव्हता त्यांच्याच नावावर ते खाल्ल्याचं लिहायचं होतं. पौर्णिमेपर्यंत मुदत मागून अंतोबा घरी आले.

घरी त्यांना चैन पडेना. ओसरीवरून परसात, परसातून ओसरीवर. ताट वाढलेलं तसंच राहिलं. शेवटी येसूबाईंनी, त्यांच्या बायकोने, विचारलं. त्यांनी सांगून टाकलं.

"तुम्ही नाही लिहिलंत तर?" येसूबाई म्हणाल्या.

"तर काम जाईल. आणि माझ्या जागी रामाजी लिहील. रामाजी नाही तर दुसरा कोणी. मी नाही म्हणून काही अडत नाही."

"मग रामाजींना जाऊन सांगा."

"आमचं बोलणं नाही."

"बरं," त्या म्हणाल्या. "लोक उपाशी मरायला लागले की त्यांनाही तसंच सांगा."

अंतोबा निघाले. नवलकरांच्या आळीत ते शिरले, दारावरून पुढे गेले, परत फिरले, पुन्हा पुढे गेले. रामाजी ओसरीवर उभे राहून हे सगळं बघत होते म्हणतात. शेवटी त्यांनीच हाक मारली.

"चढा वर. देसायाने तुम्हाला काय सांगितलं ते मला ठाऊक आहे. त्याचा माणूस माझ्याकडे कालच येऊन गेला."

अंतोबा पायरी चढून वर आले. "मग तुम्ही काय म्हणालात?"

"हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. माझं काम मला परत देतोय तो. काल दुपारपासून मी इथे उभा आहे."

अंतोबांनी जुन्या गोष्टीची माफी मागायला तोंड उघडलं, तर रामाजींनी हात वर केला. "ते नंतर. आधी बाकीच्यांकडे जाऊ."

दोघे मिळून निघाले. मिठागरावर गेले, नाक्यावर गेले, देवळात गेले, पेढीवर गेले. आणि जिथे गेले तिथे एकच ऐकायला मिळालं. देसायाने प्रत्येकाला तेच लिहायला विचारून ठेवलं होतं. प्रत्येकाला सांगितलं होतं की कोणाजवळ बोललास तर याद राख. प्रत्येकाला वाटत होतं की या फासात आपण एकटेच आहोत. देवळाच्या लिहिणाऱ्याला तर हे कळल्यावर रडूच फुटलं म्हणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे या चढणीवर येऊन बसले. इथे घडवलेला जांभा रचून ठेवलेला होता, त्यावर. तोंडं देसायाच्या दरवाज्याकडे. मिठागराच्या लिहिणाऱ्याने मूठभर मीठ आणलं होतं. त्यावर हात ठेवून सगळ्यांनी शब्द दिला, की एकट्याने लिहायचं नाही आणि एकट्याला सोडायचं नाही. कोठार सर्वांसमोर उघडेपर्यंत बंदरात कोणीही लेखणी उचलायची नाही.

बंदर जागच्या जागी थांबलं. मीठ मोजून जाईना, तेल उतरेना. नाक्याची चिठी मिळाल्याशिवाय कोणतंही गलबत मुखाबाहेर पडू शकत नसे. त्यात देसायाची ती दोनही होती.

देसायाने खाडीपलीकडून एक लिहिणारा आणवला. हरबा नावाचा. तो मचव्यातून उतरला, घामाघूम होऊन चढण चढू लागला आणि या ओळीसमोर येऊन थबकला. कोणी त्याला अडवलं नाही. रामाजी थोडे सरकले.

"बसा," ते म्हणाले. "उन्हातून आलात."

तो बसला. देसाई त्याच्याकडून काय लिहून घेणार आहे ते त्यांनी सांगितलं. हरबाने उपरण्याने घाम पुसला.

"मी उचल घेतलीय," तो म्हणाला. "ती घरात खर्चूनही झाली. रिकाम्या हाताने परत गेलो तर चूल कशी पेटेल?"

"आमच्या चुली पेटतील तोवर तुमचीही पेटेल," मिठागराचा लिहिणारा म्हणाला. हरबा उठला नाही.

हे वरून दिसत होतं. देसायाची माणसं खाली आली आणि अंतोबांना उचलून घेऊन गेली. दरवाज्याच्या आत त्यांचा उजवा हात उखळावर धरला आणि वरून मुसळ घातलं. ती किंकाळी खाली सगळ्यांना ऐकू आली. ओळ हलली. कोणी उभं राहिलं, कोणी दोन पावलं मागे गेलं. पळून जावं असं एकालाही वाटलं नाही, असं कोणी सांगत नाही. पण रामाजी वर चालू लागले. मग हरबा. मग बाकीचे. आणि पाण्याला निघालेल्या बायका, मिठागरावरची माणसं, सगळं गाव मागून.

इतकी माणसं बघून देसायाच्या लोकांनी वाट दिली. कोठाराचं दार गावानेच उघडलं. आत झाडलेली जमीन होती. माणसं नुसती आत जात होती आणि बाहेर येत होती, आपल्या डोळ्यांवर विश्वास नसल्यासारखी. मग कोळी होड्या घेऊन मुखाशी गेले आणि अडकलेली गलबतं काठाला ओढून आणली. भात घरोघर पोचलं. देसाई त्याच आठवड्यात घाट चढून गेला आणि पुन्हा दिसला नाही.

अंतोबांचा हात मात्र गेला. लेखणी पुन्हा धरता आली नाही. पण कोठाराचं काम त्यांच्याकडेच राहिलं. ते सांगत आणि रामाजी लिहीत. रामाजी आजारी पडले की हरबा येई, नाहीतर नाक्याचा कोणी. येसूबाईंना कधी कोणाच्या दारात जावं लागलं नाही. अंतोबा आणि रामाजींचं मैत्र जुळलं का, ते सांगता येत नाही. रामाजी येत, लिहीत, आणि पाणीही न पिता जात. पण रोज येत.

त्यानंतर गावाने हा कट्टा बांधला. आजही नारळी पौर्णिमेला खारवण्याचे सगळे लिहिणारे इथे जमतात. बँकेतले, मच्छीमार सोसायटीतले, तालुक्याचे सीए गाडी घेऊन येतात. नवा कायदा काय आला, कोणाचं कुठे अडलंय, ते बोलून घेतात. कोणी नवा आला तर नाव-गाव विचारत नाहीत, सरकून जागा देतात. तो बसला की आमच्यातला झाला.

पण या खेपेला ज्येष्ठातच एक जण आली. बर्फाच्या कारखान्यात हिशेब बघणारी, स्मिता मयेकर. भर दुपारी, पर्स मांडीवर घेऊन एकटीच बसली होती. मी समोरच्या दुकानातून पाहिलं आणि चप्पल घालून निघालो. पोचेपर्यंत सोसायटीचा वेंगुर्लेकर आणि बँकेतल्या दोघी तिच्या शेजारी येऊन बसलेल्या होत्या. तिने काही सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही. ती सारखी पर्सची चेन उघडत होती, लावत होती.

ऊन उतरल्यावर ती उठली. "उद्या मी मालकांना नाही म्हणून सांगणार आहे," ती म्हणाली.

"किती वाजता?" वेंगुर्लेकरने विचारलं.

"दहाला."

दुसऱ्या दिवशी दहाला आम्ही कारखान्याच्या फाटकासमोर उभे होतो. सगळे.