साळवी सिस्टरच्या वह्या

“पण सिस्टर, रोज एकच चित्र काढायचं, हा नियम तुम्हाला कुणी घालून दिला?”

“नियम कसला... तेवढाच वेळ मिळायचा.”

साळवी सिस्टर एवढं बोलल्या आणि पुन्हा पावट्याच्या शेंगा सोलायला लागल्या.

अभिराम नगरकरचं या उत्तरानं समाधान झालं नाही. चित्ररोजनिशी कशी ठेवावी यावर त्याचं पुस्तक होतं, आणि त्याची पाचवी आवृत्ती नुकतीच निघाली होती. त्याच्या कार्यशाळांना लोक महिनाभर आधी नाव नोंदवायचे. आंबेघोळच्या या म्हाताऱ्या नर्सबद्दल त्याला अशाच एका कार्यशाळेत कळलं होतं. एकतीस वर्षं ती डोंगरातल्या वाड्यावस्त्या पायी फिरली होती, आणि दिवसभरात जे दिसलं त्यातलं एक काहीतरी रोज वहीत काढत आली होती. नोकरी संपली तरी काढतच होती.

शिकायला आलोय, असं त्यानं दारात सांगितलं होतं. खरं तर तो वह्या मागायला आला होता. त्यांचं पुस्तक त्याच्या मनात छापूनसुद्धा झालं होतं.

पडवीत पत्र्याची ट्रंक उघडी पडली होती. वह्या दवाखान्यातल्या जुन्या तक्त्यांच्या पाठकोऱ्या कागदांच्या, जाड दोऱ्यानं शिवलेल्या. रंग दोनच. एक आयोडीनचा, दुसरा जखमेवर लावायच्या औषधाचा जांभळा.

नगरकर पानं उलटत होता. दाराची कडी. उपडं घातलेलं पातेलं. शेळीचा एक कान. रेषा थरथरलेल्या, पातेलं एका बाजूला कललेलं. पहिलीच्या मुलानं याहून बरं काढलं असतं, असं त्याच्या मनात आलं. पण लोकांना हा भाबडेपणा आवडेल, असंही लगेच आलं.

एक गोष्ट मात्र खटकत होती. प्रत्येक वहीत मधली कितीतरी पानं नव्हती. दोऱ्याला नुसत्या कडा चिकटलेल्या.

“उंदीर लागले होते का?”

“नाही.”

“बरं, यातली सगळ्यात चांगली वही कुठली?”

सिस्टरनी ट्रंकेत हात घातला आणि सर्वांत पातळ वही काढून दिली. तिच्यात जेमतेम नऊ पानं उरली होती. बाईंना आपला प्रश्न नीट ऐकू गेला नसावा, असं समजून नगरकरनं ती बाजूला ठेवली.

तेवढ्यात अंगणात कुणीतरी खाकरलं. पन्नाशी ओलांडलेला, डोक्याला मुंडासं बांधलेला माणूस काठीवर दोन्ही हात ठेवून उभा होता.

“ये धोंडिबा. सून कशी आहे?”

“बरी हाय शिष्टर. परवा पोरगी झाली.”

“मग बस की. तोंड असं का केलंयस?”

धोंडिबा मरगळे पायरीवर टेकला. परक्या माणसाकडे त्यानं एकदा पाहिलं, मग पाहायचं सोडून दिलं.

“काल घरातली नातीला घेऊन बसली होती. म्हणाली, ही पण तिच्यासारखीच... आन् गप झाली. मी इचारलं, तिच्यासारखी म्हंजी कशी? तर उठून आतच गेली.”

सिस्टरचे हात थांबले.

“आमची पहिली...” धोंडिबा नगरकरला सांगावं तसं बोलला, पण बघत होता काठीकडे. “अकरा दिस होती. मी तवा मुंबईला, माल उचलायच्या कामाला. निरोप आला तवर सगळं उरकलेलं. मी तिला बघितलीच नाही. घरात तिचं नाव निघत नाही. सत्तावीस वर्सं झाली. तुमी त्या वक्ताला येत होता ना शिष्टर, वजन करायला...”

“येत होते.”

“तर ती कशी होती?”

सिस्टर उठल्या. ट्रंकेपाशी खाली बसल्या. त्यांनी वह्यांवर घातलेली वर्षं पाहिली, एक उचलली, बोट थुंकीनं ओलं केलं आणि पानं उलटली. गौरी-गणपतीच्या सणानंतरचा आठवडा होता तो, हे त्यांना आठवत होतं. एका पानावर बोट थांबलं.

त्यांनी वही धोंडिबाच्या मांडीवर ठेवली.

नगरकर मागून वाकून पाहत होता. घराच्या आढ्याला टांगलेला वजनकाटा. त्याला लुगड्याची झोळी. झोळीत काय आहे ते दिसत नव्हतं, नुसता फुगवटा होता. आणि झोळीच्या कडेवरून बाहेर आलेला, जांभळ्या औषधानं काढलेला एक इवलासा पाय. बोटं पाचच्या ऐवजी सहा झाली होती, एक चुकून जास्त पडलेलं.

खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं: मरगळ्यांची मुलगी. दोन किलो शंभर. डावा पाय झोळीबाहेर काढते. तीनदा आत घातला, तीनदा काढला.

धोंडिबाला वाचता येत नव्हतं. सिस्टरनी वाचून दाखवलं.

आपलं जाडजूड, भेगाळलेलं बोट धोंडिबानं त्या पायाजवळ नेलं. टेकवलं नाही.

“नात पण असंच करती,” तो म्हणाला. “कितीबी गुंडाळा. डावाच.”

एवढी वर्षं नगरकरनं हजारो चित्रं पाहिली होती, मोठमोठ्या दालनांतून तासन् तास उभा राहिला होता. चित्रापुढे माणूस असा बसलेला त्यानं कधी पाहिला नव्हता. ते वेडंवाकडं सहा बोटांचं पाऊल त्या पडवीत सगळ्यात जिवंत होतं, आणि त्याच्यासमोर मोठ्यानं श्वास घ्यायचीही त्याला भीती वाटली.

सिस्टरनी वही परत घेतली. पान धरलं, आणि दोऱ्यापासून सावकाश फाडलं.

“अहो...” नगरकरचा हात आपोआप पुढे झाला. त्याच्या पुस्तकातली पहिलीच सूचना होती, की पान कधीही फाडू नये. त्याच्या स्वतःच्या बारा वह्यांमधून आजवर एकही कागद सुटा झाला नव्हता.

सिस्टरनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. पान धोंडिबाच्या हातात दिलं.

“घरी दाखव. ती काय सांगते ते ऐक. मध्ये बोलू नकोस.”

धोंडिबानं मुंडासं सोडलं, त्याच्या पदरात पान ठेवलं, पण घडी घालायला त्याचं मन होईना. शेवटी मुंडासं खांद्यावर टाकून, कागद दोन्ही हातांत आडवा धरून, काठी काखेत मारून, भरल्या ताटाला जपावं तसा तो अंगण उतरून गेला.

नगरकर ट्रंकेकडे वळला. एकेक वही उघडून त्यानं नुसत्या कडा पाहिल्या. कडा, कडा आणि कडा... ती नऊ पानांची वही त्यानं पुन्हा हातात घेतली आणि तिच्यापुढे त्याची मान आपोआप खाली गेली.

“किती पानं दिलीत?”

“कोण मोजत बसतंय.”

पुस्तकाचं तो काही बोललाच नाही. त्यानं पिशवीतून आपली वही काढली आणि पायरीवर बसून काढायला लागला. कागद दोन्ही हातांत धरून उघड्या डोक्यानं निघालेला माणूस. काखेतली काठी, वाकलेली मान. रेष चुकली तरी त्यानं खोडली नाही. रंगाची पेटी त्याला आठवलीसुद्धा नाही. पाच मिनिटांत चित्र झालं, आणि आपल्या हातून असं आजवर झालेलं नाही, हे त्याला कळलं.

त्यानं वही सिस्टरपुढे धरली.

त्यांनी चष्मा पुसला. चित्र जवळून पाहिलं, लांब धरून पाहिलं.

“हा धोंडिबाच आहे,” त्या म्हणाल्या.

नगरकरनं वही अलगद मिटली आणि पिशवीत ठेवायला घेतली.

सिस्टरनी शेंगांची परात पुढे ओढली.

“अजून ओढ्यापर्यंतच पोचला असेल तो.”